गुलाबी शर्टावरची शपथ

लेंपी हे फिनिश नाव. अर्थ, प्रेम. आजीनं हौसेनं ठेवलेलं हे नाव लेंपी कांगासनं साठी उलटेपर्यंत वागवलं, पण त्याला जागायचा प्रयत्न तिनं कधी केल्याचं बर्फाळ कॅलुमेट गावात कुणाच्या ऐकिवात नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात पळी धरून तिनं उभी हयात काढली. गावातल्या निम्म्या माणसांनी तिच्या हातचं खाल्लं आहे आणि त्या सगळ्यांनी तिच्या तोंडची बोलणीही खाल्ली आहेत. ताटात गाजर टाकून उठणाऱ्या पोराला ती नुसती बघायची. पोरगं परत बसायचं. पुढं मोठं होऊन ते पोरगं शेरीफ झालं तरी तिच्यासमोर गाजर संपवायचं.

पण लेंपीचा खरा दरारा होता तो तिच्या शब्दाचा. लेंपी बोलली की शिक्का बसला. तिच्या आईच्या अंत्यविधीला धाकट्या बहिणीनं, आइलीनं, घरी भाजलेल्या वेलदोड्याच्या पावाऐवजी दुकानातून आणलेला पाव कॉफीबरोबर ठेवला. लेंपी सगळ्यांसमोर म्हणाली, "आइली, आजपासून तुझ्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही." नाही म्हणजे नाहीच लागला. दोघी एकाच गल्लीत राहतात. मध्यंतरी आइलीचं कंबरेचं हाड मोडलं, तेव्हा लेंपीनं आठवडाभर रोज माशाचं सूप नेलं. भांडं पायरीवर ठेवायची, दाराला एक लाथ घालायची आणि मागं वळायची. उंबरा काही ओलांडला नाही.

नवरा वेनो छपरावरचा बर्फ ओढता ओढता गेला, त्याला बरीच वर्षं झाली. मागे राहिला एकुलता एक आर्वो. तो काउंटीचं बर्फ काढायचं यंत्र चालवतो, कमी बोलतो, जास्त जेवतो. मागच्या हिवाळ्यात त्याचा दात तुटला. दवाखान्यात गेला तो दात बसवून आणि बरोबर केल्सी डाइकस्ट्राला घेऊन आला. ती तिथं दात साफ करायला नव्यानं लागली होती, आणि होती मोठ्या पुलापलीकडची, दक्षिणेकडच्या ग्रँड रॅपिड्सची. पुलाच्या खालच्या अंगाला राहतात त्यांना आमच्याकडे पुलाखालचे म्हणतात. गोष्टींतले राक्षसही पुलाखालीच राहतात, त्यामुळे हे नाव प्रेमानं ठेवलंय असं कुणी समजू नये.

लग्न फेब्रुवारीतल्या शनिवारी ठरलं. लगेच हनिमून, मेक्सिकोच्या किनाऱ्यावर. आणि घोडं अडलं ते सूटकेसपाशी.

त्या सोमवारी केल्सी हातात दोन मोठ्या पिशव्या घेऊन लेंपीच्या स्वयंपाकघरात आली, तेव्हा आर्वोची सूटकेस टेबलावर भरून तयार होती. लेंपीनं ती आदल्याच दिवशी भरली होती. चौकटीचे तीन जाड शर्ट, लोकरीचे मोजे, आतून घालायच्या लांब विजारी, आणि सगळ्यात वर वेनोचा तपकिरी कोट.

केल्सीनं झाकण उघडलं आणि बघत राहिली. "आयांच्या मनात काय असतं कोण जाणे," ती म्हणाली, "पण आम्ही अस्वलाच्या शिकारीला नाही चाललोय, लेंपी. समुद्रावर चाललोय."

"समुद्रावर वारा असतो."

"गरम वारा असतो." केल्सीनं लोकरीचे मोजे दोन बोटांत धरून खुर्चीवर ठेवले आणि पिशवीतून एकेक वस्तू काढायला लागली. पांढरी लिननची पँट. लेस नसलेले मऊ जोडे. आणि मग एक शर्ट. "तिथल्या जेवणघरात नियम आहेत. पुरुषांना रात्री लांब पँट आणि बंद जोडे लागतात. आणि मी रोजच्या जेवणाला आमच्या दोघांचे रंग जुळवलेत. हा पहिल्या दिवसाचा. ह्याच्यावर माझा हिरवा."

लेंपीनं चष्मा नाकावर चढवला. "हा गुलाबी आहे."

"पोवळ्याचा रंग आहे."

"मी जन्मभर पोरांना रंगीत जेली वाटलीय. गुलाबी कसा असतो ते मला नको शिकवू. आर्वो!"

आर्वो टेबलाच्या टोकाला मांसाची पॅस्टी खात बसला होता. त्यानं मान वर केली.

"हे घालणार आहेस तू?"

"तिला आवडलाय," आर्वो म्हणाला.

"तुला?"

आर्वोनं बराच वेळ पॅस्टी चावली. "हलका आहे," तो शेवटी म्हणाला.

लेंपीला जे काही झोंबलं ते ह्या 'हलका आहे'नं झोंबलं. आजवर त्याची पिशवी तिनंच भरली होती. शाळेची, शिकारीच्या तळाची, लष्करातली सुद्धा. कुठली पिशवी हलकी आहे का जड, हे त्यानं कधी म्हटलं नव्हतं. तिनं केल्सीकडं बघितलं. केल्सी वेनोचा कोट उचलून हँगरला लावत होती. अगदी नीट, अगदी हळू, जसा परक्याचा कोट ठेवावा तसा.

"ऐका दोघं," लेंपी म्हणाली. "हा शर्ट ह्या घरातून बाहेर पडला, तर शनिवारी मी चर्चची पायरी चढणार नाही."

आर्वोची पॅस्टी हातातच राहिली. "आई, अगं असलं काही बोलू नको. तू बोललीस की ते होऊन बसतं."

"बोलले."

"अरे वा," केल्सी म्हणाली. "एक ताट वाचलं." आणि तिनं शर्टाची घडी घालून सूटकेसमध्ये अगदी मधोमध ठेवला.

खरं सांगायचं तर शपथ तोंडातून बाहेर पडली त्याच क्षणी लेंपीला कळलं होतं की आपण शेण खाल्लं. तिचा लग्नासाठी घेतलेला निळा ड्रेस कपाटाच्या दाराला लटकत होता. एकुलत्या एक पोराचं लग्न, आणि ते आपण एका शर्टापायी घालवलं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. गल्लीत बातमी संध्याकाळपर्यंत पोचली. आइलीनं म्हणे शेजारणीला सांगितलं, "ती येणार नाही. माझ्याकडं कुठं आली?"

प्रश्न राहिला तो नवरीच्या सौनाचा, वाफेच्या न्हाणीचा. लग्नाआधी नवऱ्या मुलाच्या आईनं नवरीसाठी सौना तापवायचा, ही कांगासांच्या घरातली जुनी रीत. लेंपीच्या सासूनं तिच्यासाठी तापवला होता. लेंपीनं विचार केला: शपथ लग्नाला न जाण्याची आहे, सौना न तापवण्याची नाही. गुरुवारी दुपारपासून तिनं मागच्या अंगणातल्या सौनाच्या भट्टीत बर्चची लाकडं घातली.

केल्सी आली. तिलाही माघार घ्यायची नव्हती. बाहेरच्या खोलीत तिनं अंगावरचा झगा काढला, तर आत पाचूच्या रंगाचा स्विमसूट. गळा खोल, पाठ उघडी, आणि छातीच्या मधोमध दोन्ही बाजूचं कापड एका मोठ्या सोनेरी कडीत ओवलेलं.

"हे काय?" लेंपी म्हणाली. तिच्या अंगावर, रीतीप्रमाणे, काहीच नव्हतं.

"हनिमूनचा पहिला दिवस. घालून बघतेय."

"सौनात लोक जन्माला आले तसे बसतात."

"बसोत. मी दातांची कामं करते, लोकांची उघडी तोंडं दिवसभर बघते. बाकीचं नको."

सौनाचा एक नियम लहान पोरालाही पाठ असतो: आत चर्चसारखं वागायचं. आवाज चढवायचा नाही, भांडण उंबऱ्याबाहेर ठेवायचं. म्हणून लेंपी गप्प बसली. तिनं कानातले काढले, बोटातली अंगठी काढली आणि दाराजवळच्या बशीत ठेवली. ठेवता ठेवता तिची नजर केल्सीच्या छातीवरच्या कडीवर गेली. धातू. तोंड उघडलं. शब्द अगदी जिभेवर आला होता. पण ती कडी कशी चमकत होती, आणि तिच्यामागची ती पोरगी कशी हनुवटी वर करून उभी होती, ते लेंपीनं बघितलं आणि तोंड मिटलं.

दोघी वरच्या फळीवर बसल्या. मधे एक माणूस बसेल एवढं अंतर. लेंपीनं भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ छताला जाऊन खाली आली. केल्सी गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढं वाकली. कडी अंगापासून सुटून वाफेत लोंबत राहिली. लेंपीनं आणखी एक पळी टाकली. ती टाकायची गरज नव्हती.

मग केल्सी ताठ बसली. कडी छातीला टेकली.

किंकाळी आइलीच्या घरापर्यंत गेली असणार. केल्सी दार ढकलून बाहेर पळाली आणि सरळ बर्फाच्या ढिगात पालथी पडली. लेंपी मागोमाग टॉवेल घेऊन धावली. कडी बाजूला केली तर छातीच्या मधोमध लालभडक अर्धचंद्र उठलेला.

"बर्फ लाव. दाबू नको," लेंपी म्हणाली.

केल्सीनं मूठभर बर्फ लावला आणि थरथरत तिच्याकडं बघितलं. "तुम्ही स्वतःचे कानातले काढलेत."

लेंपीनं टॉवेल तिच्या खांद्यांवर टाकला.

"काढलेत, आणि हिच्याकडं बघितलंत. तोंड उघडलं होतंत तुम्ही. मी बघत होते."

"सौनात बोलायचं नसतं."

"भांडायचं नसतं," केल्सी म्हणाली. "बोलायचं नसतं असं मला कुणी सांगितलं नाही." तिनं झगा अंगावर ओढला. "आर्वोला काय सांगायचं ते मी ठरवीन. झोपा आता नीट."

लेंपी नीट झोपली नाही.

शुक्रवारी सकाळी केल्सी परत आली. ह्या वेळी स्वतःची सूटकेस घेऊन. छातीवर मलमपट्टी, वर आर्वोचा बंद गळ्याचा जाड स्वेटर. तिनं सूटकेस टेबलावर आपटली आणि झाकण उघडलं. "वर्षभर एकेक करून घेतलेत हे कपडे. सगळ्यांचे गळे खोल. आता ह्यातलं काय घालू? निवडून द्या. तुम्ही जाळलंत, तुम्हीच झाका."

"मी नाही जाळलं. दगडांनी जाळलं."

"दगडांवर पाणी कुणी टाकलं?"

लेंपीनं ओट्यावरची कॉफी दोन कपांत ओतली. एक कप तिनं केल्सीसमोर इतक्या जोरात ठेवला की बशीत सांडली. मग चष्मा लावला आणि सूटकेसमध्ये हात घातला.

पहिला निघाला एक लांब, झुळझुळीत, शेवाळी रंगाचा गाऊन. "ह्यात तू मोटेलच्या पडद्यासारखी दिसशील."

"मोटेलचे पडदे तुम्हाला बरे ठाऊक."

"नायगाऱ्याला गेलो होतो. पाऊस थांबेना. दुसरं बघायला होतं काय?" लेंपीनं गाऊन बाजूला टाकला. दुसरं काहीतरी दोऱ्यांचं, नुसत्या भोकांचं. "आणि हे काय, मासे पकडायचं जाळं?"

"स्विमसूटवर घालायचं असतं."

"ह्यातून माझं मांजरसुद्धा बाहेर पडेल." तिसरा काळा, एकाच खांद्याचा. लेंपीनं तो उजेडात धरला, उलटून शिवण बघितली. बराच वेळ बघितली. "हा बरा आहे."

केल्सी संशयानं म्हणाली, "का?"

"बरा आहे म्हणून. एका खांद्यावरून तिरका येतो, डाग झाकतो. तुझे खांदे चांगले आहेत, तेवढंच चांगलं आहे." चौथा पिवळा, लहान मुलीसारखा, झालरी लावलेला. "हा घेताना डोळे मिटले होते का?"

"हा माझ्या आईनं दिलाय."

"मग आईचे मिटले होते."

केल्सीनं झटकन तो ओढून घेतला. पण परत सूटकेसमध्ये न ठेवता खुर्चीवर, नको असलेल्या ढिगावर टाकला. लेंपीनं ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. असं करत करत सूटकेस उपसून झाली. एक ढीग डाग झाकणाऱ्यांचा, एक न झाकणाऱ्यांचा. पहिला अगदीच लहान होता. केल्सीनं आर्वोच्या सूटकेसमधले शर्ट काढून शेजारी मांडले, तर जुळवलेल्या रंगांचा पार चुथडा झाला होता. आर्वोचा निळा शर्ट एकटा पडला, पांढरा एकटा पडला. नवी जोडी जुळली ती एकच: काळा ड्रेस आणि गुलाबी शर्ट.

"नशीब बघा तुमचं," केल्सी म्हणाली.

"त्याला सांगितलंस?" लेंपीनं विचारलं. सकाळपासून तिला विचारायचा होता तो प्रश्न हाच.

"तो समजतोय की मी भट्टीवर धडकले. अजून सांगितलं नाही." केल्सीनं कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "तुमच्यावर आहे. उद्या चर्चात या, पहिल्या बाकावर बसा, हसा. नाही आलात तर सांगेन. आणि आधीच सांगून ठेवते, मी आडनाव बदलणार नाहीये."

"कांगास नाव तुला पेललं नसतंच."

"येणार का?"

"मी शब्द दिलाय."

"मोडा."

बाहेर यंत्राची घरघर झाली. आर्वो जेवायला आला होता. जोड्यांवरचा बर्फ आपटून झाडत तो आत आला, टेबलावरचे दोन ढीग बघून दारातच थबकला, आणि दोघींना एकत्र बसलेलं बघून त्याच्या तोंडावर एक बावळट आनंद पसरला. "वा! कपडे निवडताय?"

केल्सी लेंपीकडं बघत होती. शांतपणे, हातात पत्ते असलेल्या माणसासारखी. आणि लेंपीला ते सहन झालं नाही. पोर गेलं तर गेलं, पण ह्या पुलाखालच्या बाईच्या मुठीत नाक देऊन जन्म काढायचा? हा धाक आजच मोडायला हवा होता.

"आर्वो," ती म्हणाली, "ती भट्टीवर धडकली नाही. तिच्या स्विमसूटला कडी होती. मला दिसली होती. तापणार हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही, आणि वर एक पळी जास्त टाकली."

केल्सीचा कप अर्ध्यात थांबला.

आर्वोनं हात कानटोपीकडं नेला होता. ती काढायची तशीच राहिली. तो कधी चिडत नाही, त्यामुळे चिडला की कसा दिसतो हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. तो अगदी हळू बोलला. "सोमवारी तू म्हणालीस येणार नाहीस. मी दोन रात्री झोपलो नाही. तुला कसं वळवावं ह्याचा विचार करत होतो." त्यानं टोपी परत कानांवर ओढली. "आता येऊ नकोस."

तो वळला. जेवण तसंच ठेवून वळला. हे ह्या घरात पहिल्यांदाच होत होतं. लेंपीनं टेबलाची कड धरली.

"ए, थांब," केल्सी म्हणाली.

आर्वो दारात थांबला.

"हा डाग कुणाला पडलाय? तुला?"

"नाही, पण..."

"मग शिक्षा तू कशी ठरवतोस? मी ठरवीन. मी फुकटची भाजले नाहीये." ती लेंपीकडं वळली. आवाजात मायेचा लवलेश नव्हता. "उद्या यायचं. पहिल्या बाकावर. आइलीच्या शेजारी, कारण मी तिलाही पहिल्या बाकावर बसवणार आहे. आणि हा शर्ट आत्ता इस्त्री करून तुमच्या हातानं त्याच्या सूटकेसमध्ये ठेवायचा. लिनन आहे, पाणी शिंपडून करा. पाणी शिंपडायला तुम्हाला आवडतं."

लेंपीनं तिच्याकडं बघितलं. शेराला सव्वाशेर, एवढंच तिच्या मनात आलं, आणि त्यात कौतुकही होतं की काय ह्याची तिला स्वतःला चीड आली.

"मला ही शिक्षा मान्य नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच ती शिक्षा आहे."

लेंपी उठली आणि कपाटातून इस्त्री काढली. आर्वो निघून गेला. जेवला नाही.

शनिवारी चर्चात लेंपी निळा ड्रेस घालून आली, तेव्हा माना इतक्या वळल्या की पाद्रीबुवा आल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती पहिल्या बाकावर आइलीच्या शेजारी बसली. आइलीनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिला तोंडावर विचारलं, "तू येणार नव्हतीस ना?"

"नव्हते."

"मग शब्द मोडलास?"

"शिक्षा भोगतेय," लेंपी म्हणाली. "तुझ्याशेजारी बसवलंय, दिसत नाही?"

आइलीला हसू फुटलं. ते तिनं गाण्याच्या पुस्तकाआड दाबलं.

आर्वोनं आत येताना आईकडं बघितलं नाही. बाहेर जाताना बघितलं नाही. चर्चच्या तळघरातल्या जेवणात तो सगळ्या टेबलांपाशी गेला, फक्त तिच्या टेबलापाशी आला नाही. लेंपीनं ताटातलं गाजरसुद्धा टाकलं. केल्सीच्या ड्रेसच्या गळ्यात घाईघाईनं शिवलेली लेस होती, आणि तिच्या नात्यातल्या बायका ती किती शोभते म्हणून सांगत होत्या. "सासूबाईंची कृपा," केल्सी प्रत्येकीला म्हणत होती, आणि म्हणताना लेंपीकडं बघत होती.

विमानतळासाठी ग्रीन बे शहर रात्रीपर्यंत गाठायचं होतं, पहाटे विमान. दोघं कपडे बदलून आली. बाहेर बर्फ गुडघाभर, आणि आर्वो उघड्या जाड जॅकेटच्या आत तो शर्ट घालून उभा. दारातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केल्सी त्याला ढकलत ढकलत लेंपीपुढं घेऊन आली. "कसा दिसतो?"

"उकडलेल्या खेकड्यासारखा," लेंपी म्हणाली.

आर्वो जमिनीकडं बघत होता. त्याची कॉलर एका बाजूला आत दुमडली होती. लेंपीचा हात उठला, मधेच थांबला. आर्वोनं काही म्हटलं नाही. फक्त मान थोडी खाली केली, जेवढी तिच्या उंचीला लागते तेवढीच. तिनं कॉलर बाहेर काढली, बोटानं दाबून सरळ केली, आणि जरा जास्तच वेळ दाबली.

"हलका आहे," ती म्हणाली.

"सांगितलं होतं," आर्वो म्हणाला.

"झालं का?" केल्सी म्हणाली. "विमान तुमच्यासाठी थांबणार नाही. लेंपी, मी रोज ह्याचा एक फोटो पाठवीन."

"पाठवू नकोस."

"गुलाबी शर्टात. वेगवेगळ्या बाजूंनी."

"तो पिवळा झालरींचा नेला नाहीस ना?"

"नेलाय," केल्सी म्हणाली, गाडीत जाऊन बसली आणि दार आपटून लावलं.